पान तुझं, पण निवड कोणाची?

(वसईत झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर. भाषणाबरोबर पत्त्यांचे प्रयोग करून दाखवले होते. त्यांचं वर्णन मजकुरातच दिलं आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘चित्रांच्या पत्त्यांची जादू’ असं वाचून काही जणींनी विचारलं की गंभीर विषय सोडून हे काय काढलंत? त्यांचा प्रश्न रास्त आहे. आपण पोस्टर प्रदर्शनं केली, गाणी केली, पथनाट्यं केली. 1983 साली आलेल्या ‘मुलगी झाली हो’ या नाटकानं किती वस्त्यांमध्ये बायकांना बोलतं केलं, हे इथल्या जुन्या कार्यकर्त्या सांगतीलच. पण पथनाट्याला आठ-दहा जणी लागतात, तालीम लागते, चौक लागतो. अर्नाळ्याला बोंबील वाळत घालणाऱ्या चार बायकांजवळ बसायचं असेल, किंवा विरार लोकलच्या डब्यात अर्ध्या तासात ओळख करून घ्यायची असेल, तर काय न्यायचं? मी पर्समध्ये पत्त्यांचा एक कॅट नेते. प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतात, रंगमंच लागत नाही, दिवे लागत नाहीत.

पत्ते म्हटले की आपल्याकडे पुरुषांचा खेळ. गाडीत मांडीवर बॅग ठेवून डाव मांडणारे पुरुष आपण रोज पाहतो. बाई पत्ते खेळायला बसली की ‘घरात काही काम नाही वाटतं’ हे ठरलेलं. जादूचंही तसंच. 1921 साली लंडनमध्ये सेल्बिट या जादूगारानं बाईला पेटीत घालून करवतीनं कापण्याचा प्रयोग लोकांपुढे केला, आणि तेव्हापासून जादूत बाईची जागा पेटीतच राहिली. तिथल्या मॅजिक सर्कल या जादूगारांच्या संस्थेनं 1991 पर्यंत बायकांना सभासद करून घेतलं नव्हतं. सोफी लॉईड नावाच्या बाईनं पुरुषाचा वेष घेतला, रेमंड हे नाव घेतलं, परीक्षा दिली आणि ती पासही झाली. दारं बायकांना उघडली तेव्हा तिनं खरं काय ते सांगितलं, तर फसवणूक केली म्हणून तिलाच काढून टाकलं! 2025 साली संस्थेनं तिला सन्मानानं परत घेतलं. फसवणूक हाच ज्यांचा धंदा, त्यांना बाईनं केलेली फसवणूक चौतीस वर्षं सोसली नाही.

आता पत्ते कसे केले ते सांगते, कारण तुम्हाला ते करता यावेत.

बाजारातल्या कॅटमध्ये राजा, राणी, गुलाम असतात आणि राणी राजाच्या खाली असते. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यात तर राणी नाहीच. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी 12 पानं, म्हणजे एकूण 120 गोल पानं. ही कला संपत आली होती. 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी जुने कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा सुरू केली. तिथून मी एक गोष्ट उचलली. मासा दिसला की मत्स्याचा रंग, कासव दिसलं की कूर्माचा, तो ओळखायला अक्षर लागत नाही. म्हणून आमच्या पत्त्यांवरही आकडा नाही की अक्षर नाही, फक्त चित्र.

चित्रं आम्ही वस्तीतच ठरवली. हंडा, विहिरीचा रहाट, मासळीची टोपली, सुकेळी, शिवणयंत्र, शाळेची पाटी, पोळपाट-लाटणं, लोकलचा पास, सात-बारा, मंगळसूत्र, रेशनकार्ड, मोगऱ्याचा गजरा, औषधाची बाटली, कुलूप आणि घर. एकूण 15. चित्र मोठं, एकच आणि जाड रेघेचं हवं, कारण दिवे गेले तरी ते दिसलं पाहिजे. जाड ड्रॉइंग पेपर दुहेरी चिकटवून वजनाखाली वाळवायचा, मग सगळी पानं एका मापात कापायची. एक पान जरी मोठं राहिलं तरी बोटाला कळतं, आणि समोरच्या बाईच्या बोटालाही कळतं!

सगळं गुपित पाठीवर असतं. पाठीवर चारही कोपऱ्यांत केळीचं पान काढलंय. तीन पानांना पाच शिरा, एकाला चार. सगळे पत्ते एकाच दिशेनं लावले की चार शिरांचं पान सगळ्यांच्या डाव्या हाताला वर येतं. बाई एक पत्ता काढते, चित्र बघते, तेवढ्यात मी हातातला कॅट फिरवून घेते. तिचा पत्ता आत गेला की तोच एक उलटा. मग मी कितीही पिसले तरी तो मला सापडतो. एकच काळजी घ्या. पत्ते चटईवर पसरून कालवायला देऊ नका, सगळ्या दिशा मिसळतात. माझी पहिल्याच दिवशी अशी फजिती झाली. तिला फक्त कापायला सांगायचं.

ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी चार तक्त्यांचा खेळ आहे. लाल तक्त्याची किंमत 1, पिवळ्याची 2, हिरव्याची 4, निळ्याची 8. पंधरा चित्रांना 1 ते 15 क्रमांक मनात द्यायचे आणि ज्या बेरजेतून तो क्रमांक होतो त्या तक्त्यांवर ते चित्र काढायचं. प्रत्येक तक्त्यावर आठ चित्रं येतात. शिवणयंत्राचा क्रमांक 11. ते लाल, पिवळ्या आणि निळ्या तक्त्यावर आहे, कारण 1, 2 आणि 8 मिळून 11. बाईनं चित्र मनात धरायचं आणि कोणकोणत्या तक्त्यांवर ते दिसतं एवढंच सांगायचं. बेरीज आपण करायची. यात हातचलाखी काहीच नाही. एका गटात सही न येणाऱ्या मावशींनी हे दोन दिवसांत उचललं, आणि मग त्यांनी नातवाला चकित केलं. घरात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी ‘येतं’ असं झालं.

पण इथंच मी एक चूक केली होती, ती सांगायला हवी. सुरुवातीला मी खेळ करून दाखवायची आणि गुपित सांगायची नाही. त्यात मजा वाटायची. नालासोपाऱ्याच्या एका चाळीत खेळ झाल्यावर एक बाई सुनेला घेऊन आली. सून पोटुशी होती. बाई म्हणाली, “ताई, पान काढून सांगा, मुलगा की मुलगी?” मी म्हटलं, हा खेळ आहे. ती म्हणाली, “तुम्हाला दिसतं, मी बघितलंय.” सून मान खाली घालून उभी होती. गर्भलिंग तपासणीवर कायदा व्हावा म्हणून आपण या राज्यात चळवळ केली, 1988 साली देशातला असा पहिला कायदा महाराष्ट्रात झाला, आणि मी पंधरा कागदी पत्ते घेऊन तिथं सोनोग्राफीचं यंत्र होऊन बसले होते! मी त्या दोघींना बसवून केळीच्या पानाच्या शिरा दाखवल्या. सुनेला लगेच कळलं. सासूला पटलं की नाही, मला माहीत नाही.

तेव्हापासून नियम केला. खेळ संपायच्या आत निदान एक गुपित उघडायचंच. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हेच करत आले आहेत, आधी चमत्कार, मग त्यामागचं कारण. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला, हे विसरून चालणार नाही. मात्र रस्त्यावर खेळ करून पोट भरणाऱ्याची गुपितं आपण फोडायची नाहीत. तो ‘खेळ’ म्हणूनच दाखवतो. आपण आपली फोडायची, आणि देवाच्या नावानं लुबाडणाऱ्याची.

आता ज्यासाठी मी आले तो खेळ. मघाशी पुढं आलेल्या ताईंना मी चार पानं दिली. हंडा, पाटी, पास आणि सात-बारा. एक घडीची चिठ्ठी त्यांच्या पदराच्या गाठीत आधीच बांधली होती. म्हटलं, कोणतीही दोन उचला. त्यांनी पाटी आणि सात-बारा उचलला. मी म्हटलं, “ती बाजूला ठेवा.” उरली दोन. त्यातलं एक मला द्या म्हटलं. त्यांनी हंडा दिला. मी म्हटलं, “तुम्ही हंडा निवडलात.” चिठ्ठीत हंडाच! तुम्ही टाळ्या वाजवल्या.

आता नीट बघा. त्यांनी पहिल्यांदा हंडा आणि पास उचलला असता तर मी म्हटलं असतं, “ही दोन ठेवा, बाकीची जाऊ देत.” शेवटी त्यांनी पास दिला असता तर म्हटलं असतं, “हा मला, तुमच्याकडे राहिला हंडा.” काहीही करा, वाट्याला हंडाच. हात त्यांचा होता, पण उचलण्याचा अर्थ काय, हे प्रत्येक वेळी मी नंतर ठरवत होते.

हा खेळ वस्तीत पहिल्यांदा केला तेव्हा एक पन्नाशीची बाई हसली नाही. म्हणाली, “माझ्या भावांनी असंच केलं.” वडील गेल्यावर भाऊ म्हणाले, तुला काय हवं ते सांग. ती म्हणाली, मला माहेर हवं. भाऊ म्हणाले, मग सही कर. तिनं विचारलं, आणि हिस्सा हवा म्हटलं असतं तर? तर म्हणाले, मग माहेर तुटलं, आणि माहेर तुटायचं नसेल तर सही कर. दोन्ही वाटा हक्कसोडपत्राकडेच गेल्या. ज्या वाडीत केळी होत्या तिथं आज सात मजली इमारत आहे.

वसईत, विरारमध्ये जमिनीला सोन्याचा भाव आला तसे हे कागद वाढलेले आपण पाहतो. म्हणून कायदा थोडक्यात सांगते. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. महाराष्ट्रात 1994 ची दुरुस्ती झाली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. 9 सप्टेंबर 2005 पासूनच्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 2005 साली वडील हयात असण्याचीही गरज नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली रीतसर वाटणी वा विक्री या दुरुस्तीमुळे उलटत नाही. आपल्या ख्रिस्ती मैत्रिणींना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी समान. आणि वारली, मल्हार कोळी, कातकरी बहिणींना हिंदू वारसा कायदा लागूच होत नाही, कारण अनुसूचित जमाती त्यातून वगळल्या आहेत. ती लढाई अजून बाकी आहे.

1872 च्या करार कायद्यात ‘मुक्त संमती’ हा शब्द आहे. जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, लबाडी, खोटं सांगणं किंवा चूक यातून आलेली संमती मुक्त नव्हे. पण नोंदणी झालेला कागद नंतर कोर्टात रद्द करून घेणं किती जिकिरीचं असतं, हे आपल्या सल्ला केंद्रात बसणाऱ्यांना विचारा. म्हणून सहीच्या आधी पोचायला हवं.

मघाशी मी तोच खेळ दुसऱ्यांदा केला. ताईंनी आधीच मला विचारलं, “उचललेलं पान माझं की टाकलेलं?” मला सांगावं लागलं, उचललेलं तुमचं. त्यांनी सात-बारा उचलला, आणि माझी जादू तिथंच संपली. वस्तीत बायकांना एवढा एक प्रश्न सवयीचा करायचा आहे. मी हो म्हटलं तर काय होईल आणि नाही म्हटलं तर काय होईल, ते दोन्ही आधी सांगा. कागद घरी न्यायला द्या. वाचणाऱ्या बाईला दाखवू द्या. आज नाही, पुढच्या आठवड्यात सही करते, असं म्हणू द्या. यातल्या एकालाही समोरचा चिडला, तर समजा की चिठ्ठी आधीच लिहिलेली आहे.

भाऊ वाईटच असतात असं मी म्हणत नाही. सगळं समजून-उमजून हक्क सोडणारी बहीणही असते, आणि तो तिचा अधिकार आहे. पण तिच्यापुढे चारही पानं उघडी असली पाहिजेत.

शेजारच्या टेबलावर पंधरा चित्रांच्या रेखाटनाच्या प्रती ठेवल्या आहेत. प्रत्येक गटानं एक न्यावी. आपल्या वस्तीतली दोन-तीन चित्रं बदलून घ्यावीत, कारण डहाणूच्या डोंगरातल्या बाईला लोकलचा पास कशाला? पुढच्या बैठकीला येताना आपला कॅट घेऊन या. आणि कोणत्या चित्रावर कोणती बाई काय बोलली, तेही लिहून आणा.