सामायिक भांडार : व्यवस्था आणि विश्वास

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लिखित पाठ)



ग्रंथालयाची मूळ कल्पना मोठी साधी आहे. शंभर पुस्तके शंभर घरांत अडकून पडण्यापेक्षा ती एका कपाटात ठेवावीत आणि त्या कपाटाचे दार सर्वांना उघडे असावे, एवढीच ती कल्पना. परंतु दार उघडले की लगेच चार प्रश्न उभे राहतात. आत कोणी यावे? आलेल्या माणसाची ओळख कोणी पटवावी? मजकुरात फेरफार करण्याचा अधिकार कोणाला असावा? आणि उद्या वाळवी लागली, आग लागली, तर गेलेले परत कसे आणावे? शंभर वर्षे टिकलेले ग्रंथालय म्हणजे या चार प्रश्नांना शंभर वर्षे रोजच्या रोज दिलेले उत्तर होय.

आजचा विषय वरकरणी फार निराळ्या क्षेत्रातला आहे. युनिक्स प्रणालीच्या सर्व्हरवर ठेवलेल्या फाइली अनेक संगणकांना एकाच वेळी वापरावयास देणे आणि त्या व्यवस्थेची निगा राखणे, हा तो विषय. पण थोडे खोलात शिरल्यावर असे दिसते की, संगणकशास्त्रज्ञांपुढेही हेच चार प्रश्न उभे राहिले. त्यांनी दिलेली उत्तरे आणि त्या उत्तरांची चुकवावी लागलेली किंमत, दोन्ही ग्रंथालयाच्या माणसाने समजून घेण्याजोगी आहेत.

युनिक्सचा जन्म 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख शिल्पकार. या प्रणालीत प्रत्येक फाइलीला एक मालक असतो, एक गट असतो, आणि उरलेले सारे 'इतर' असतात. वाचणे, लिहिणे आणि चालवणे असे तीन अधिकार या तिघांना वेगवेगळे देता येतात. या सर्वांच्या वर 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी असतो. एकाच मोठ्या संगणकावर सर्वजण काम करीत होते, तोवर ही व्यवस्था पुरेशी होती.

1980 नंतर मात्र ज्याच्या त्याच्या मेजावर स्वतंत्र संगणक येऊ लागला. फेब्रुवारी 1982 मध्ये कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, हे येथे सहज आठवते. असे संगणक तारेने एकमेकांना जोडले, तरी प्रत्येकाचे कपाट वेगळेच राहत होते. ही अडचण दूर करण्यासाठी या कंपनीने 'नेटवर्क फाइल सिस्टीम' तयार केली. तिचे लघुनाम एनएफएस. तिची रचना विशद करणारा निबंध 1985 साली सादर झाला. कंपनीने तिची नियमावली स्वतःपुरती न ठेवता खुली केली आणि 1989 साली ती इंटरनेटच्या जाहीर दस्तऐवजांत समाविष्ट झाली. म्हणूनच प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या यंत्रांनाही ती सामावून घेता आली. सन कंपनी 2010 साली ओरॅकलमध्ये विलीन झाली, पण तिची ही पद्धत आजही वापरात आहे.

तिचे मर्म 'माउंट' या एका क्रियेत आहे. दूरच्या सर्व्हरवरील एखादी डिरेक्टरी आपल्या संगणकाच्या फाइलवृक्षाला फांदीसारखी जोडायची. जोडल्यानंतर ती फाइल कोठे आहे, शेजारच्या खोलीत की दुसऱ्या इमारतीत, याची विचारपूस वापरणाऱ्याला करावी लागत नाही. कोणती डिरेक्टरी, कोणत्या संगणकांना, केवळ वाचण्यास की लिहिण्यासही द्यायची, याची यादी सर्व्हरचा व्यवस्थापक 'एक्सपोर्ट्स' नावाच्या एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतो. ही काही ओळींची यादी म्हणजे त्या भांडाराची घटनाच म्हणावी लागेल. तिच्यात आळसाने 'सर्वांना, लिहिण्यासह' असे लिहिले गेले, तर पुढची सारी दक्षता व्यर्थ ठरते.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य ग्रंथपालाला चकित करील. तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांत सर्व्हर देवघेवीची नोंदवहीच ठेवत नसे! कोणी कोणती फाइल उघडली आहे, याची स्मृती तो बाळगत नसे. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण असे : अमुक फाइल, अमुक ठिकाणापासून, अमुक इतका मजकूर. यामागे एक विचार होता. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर हरवण्यासारखे त्याच्याजवळ काही नसावे. मागणारा संगणक तीच मागणी पुन्हा करील आणि काम पुढे चालू होईल. दोघांनी एकाच वेळी एकाच फाइलीत लिहू नये, यासाठी लागणारे कुलूप मात्र नोंदीवाचून लावता येत नाही. त्याची सोय वेगळ्या सेवेकडे सोपवावी लागली. 2000 साली प्रथम जाहीर झालेल्या चौथ्या आवृत्तीत अखेर नोंद ठेवणे मूळ पद्धतीतच आले. ग्रंथालयांना जे पूर्वापार ठाऊक होते, तेथे संगणकशास्त्र असे वळसा घालून पोहोचले.

सर्व्हर उत्तर देईनासा झाला, तर मागणाऱ्याने काय करावे? याची दोन उत्तरे आहेत. 'हार्ड माउंट' पद्धतीत संगणक वाट पाहत राहतो. काम थांबते, वापरणारा वैतागतो, पण सर्व्हर परत येताच काम जेथे थांबले होते तेथून पुढे जाते. 'सॉफ्ट माउंट' पद्धतीत काही प्रयत्नांनंतर संगणक चूक झाल्याचे सांगून मोकळा होतो. ही दुसरी पद्धत सुखाची वाटते खरी, परंतु लिहिण्याचे काम अर्धवट तुटले आणि संबंधित प्रोग्रॅमने त्या चुकीची दखल घेतली नाही, तर फाइल नासते. म्हणून जेथे लिहायचे आहे, तेथे जाणकार व्यवस्थापक लोकांचा वैताग पत्करतो आणि पहिलीच पद्धत ठेवतो.

असाच आणखी एक मोह वेगाचा आहे. मजकूर डिस्कवर प्रत्यक्ष उतरण्यापूर्वीच 'लिहिला' असे उत्तर देण्याची मुभा सर्व्हरला देता येते. काम झपाट्याने होते. पण त्याच क्षणी वीज गेली, तर जे लिहिले गेल्याची ग्वाही दिली होती, ते कोठेच नसते. 1995 च्या तिसऱ्या आवृत्तीने यातून प्रामाणिक वाट काढली. मजकूर तात्पुरता स्वीकारावा, पण तो पक्का झाल्याची खात्री मागणाऱ्याने स्वतंत्रपणे करून घ्यावी आणि तोवर आपल्याजवळची प्रत सोडू नये, असा तो नियम.

आता ओळखीचा प्रश्न. युनिक्स माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते. एका संगणकावर 1001 हा क्रमांक एका लिपिकाचा आणि दुसऱ्यावर तोच क्रमांक एखाद्या विद्यार्थ्याचा असेल, तर सामायिक भांडारात त्या विद्यार्थ्याला लिपिकाच्या फाइली स्वतःच्या म्हणून उघडता येतात. म्हणून सर्व संगणकांवर क्रमांकांचा मेळ राखणे, हे व्यवस्थापकाचे पहिले कर्तव्य ठरते. याहून गंभीर गोष्ट अशी की, एनएफएसच्या जुन्या रूढ पद्धतीत सर्व्हर हा क्रमांक स्वतः पडताळीत नाही. मागणारा संगणक जो सांगेल, तो खरा मानतो. स्वतःच्या यंत्रावर सर्वाधिकारी असलेला कोणीही हवा तो क्रमांक धारण करू शकतो. 'रूट'च्या बाबतीत मात्र एक तोड काढलेली आहे. दुसऱ्या यंत्रावरचा सर्वाधिकारी दारात आला की, सर्व्हर त्याचे अधिकार काढून घेऊन त्याला 'नोबडी', म्हणजे 'कोणीही नाही', असे समजतो. परगावच्या राजाने येथे सामान्य वाचक म्हणूनही नव्हे, तर अनोळखी पांथस्थ म्हणून बसावे, असाच हा न्याय आहे.

एकाच संस्थेतील, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या संगणकांसाठी असा विश्वास चुकीचा नव्हता. जग मोठे झाले, तसा तो अपुरा पडला. पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत विकसित झालेल्या 'कर्बेरॉस' या ओळखपद्धतीची जोड त्याला मिळाली. 2022 साली दोन यंत्रांमधील हा संवाद सांकेतिक रूपात नेण्याची नियमावलीही जाहीर झाली. सोय उपलब्ध झाली, पण ती वापरायची की नाही, हे आजही व्यवस्थापकाच्या दक्षतेवरच सोपवलेले आहे.

उरला चौथा प्रश्न, नाशाचा. 1998 साली कॅलिफोर्नियातील पिक्सार या चित्रसंस्थेत 'टॉय स्टोरी 2' या चित्रपटाचे काम चालू होते. त्याच्या फाइली सामायिक भांडारात होत्या. कोणाकडून तरी तेथे पुसून टाकण्याची आज्ञा दिली गेली. काम करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चित्रपटातील पात्रे एकेक करून नाहीशी होऊ लागली. यंत्र बंद करण्यात आले, तोवर बहुतांश काम गेलेले होते. राखीव प्रतींकडे धाव घेतली, तेव्हा प्रती काढण्याची यंत्रणाच नीट चालत नव्हती, असे आढळले. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटात गुंडाळून, गाडीतून जपून आणला गेला, आणि चित्रपट वाचला.

येथे कोणीही नियम मोडून आत शिरले नव्हते. ज्यांना लिहिण्याचा अधिकार होता, त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी हातून हे घडले. सामायिक भांडाराचा हा अंगभूत धोका आहे. जी सोय एकाचे काम शंभरांपर्यंत पोहोचवते, तीच एकाची चूकही त्याच वेगाने पोहोचवते. एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिण्याची व्यवस्था केली, तरी ती यावर उपाय नव्हे, कारण पुसण्याची आज्ञाही दोन्हीकडे तितक्याच निष्ठेने पाळली जाते. राखीव प्रत वेगळ्या ठिकाणी असावी लागते, आणि ती वाचता येते की नाही हे संकट येण्यापूर्वी पाहावे लागते.

बंधुभगिनींनो, अनेक जुन्या ग्रंथालयांनी आपले दुर्मिळ ग्रंथ, हस्तलिखिते आणि नियतकालिकांचे अंक प्रतिमारूपाने संगणकावर घेतले आहेत किंवा घेण्याचे योजिले आहे. कागद पिवळा पडतो, कुरतडला जातो, पण त्याची झीज डोळ्यांना दिसते आणि तिला वर्षे लागतात. सर्व्हरवरील संग्रह एका ओळीच्या आज्ञेने, काही मिनिटांत, आवाजही न होता जाऊ शकतो. म्हणून असे काम हाती घेणाऱ्यांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मूळ प्रतिमा सर्वांना केवळ वाचण्यासाठी द्याव्यात. लिहिण्याचा अधिकार एकदोघांपुरता ठेवावा आणि त्यांची नावे कार्यकारिणीला माहीत असावीत. एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. आणि ठरावीक काळाने त्या प्रतीतून काही फाइली प्रत्यक्ष परत आणून, उघडून, वाचून पाहाव्यात. यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही. लागते ती सातत्याची सवय.

भांडार उभारणाऱ्यांची नावे संगमरवरावर कोरली जातात. त्याची रोज राखण करणाऱ्याचे काम मात्र, ते नीट चालले असेल तर, कोणाच्या लक्षातही येत नाही. पुस्तक जागेवर सापडते, फाइल उघडते, आणि वाचक वाचू लागतो. या वास्तूत शंभर वर्षे ज्यांनी कपाटे झाडली, नोंदवह्या भरल्या आणि संध्याकाळी कुलपे लावली, त्या सर्वांचे स्मरण करून आणि नव्या भांडाराला त्यांच्यासारखेच राखणदार लाभोत, अशी प्रार्थना करून हे विवेचन येथे पूर्ण होते.