घरचा संगणक आणि घरची ठेव

नवी वस्तु घरांत आली, कीं तिच्याभोंवती घरांतील माणसें जमावयाचीं, हा मध्यमवर्गीय संसाराचा जुना परिपाठ आहे. शिवणयंत्र आलें, रेडिओ आला, फ्रिज आला, तेव्हां असेंच झालें. परंतु संगणकाची गोष्ट या साऱ्यांहून एका बाबतींत निराळी आहे. शिवणयंत्र मोडलें, तर शिवलेले कपडे उसवत नाहींत. रेडिओ बिघडला, म्हणून ऐकलेलें गाणें विसरलें जात नाहीं. संगणक मात्र बिघडला, तर त्याच्याबरोबर मुलांचीं लहानपणचीं छायाचित्रें, आजोबांच्या आवाजाचें ध्वनिमुद्रण, घराच्या कर्जाचा हिशेब, अर्धवट लिहिलेला प्रबंध, असें सारें कांहीं एका क्षणांत जाऊं शकतें. म्हणून संगणक विकत घेणें म्हणजे केवळ एक यंत्र घेणें नव्हे; घरच्या ठेवीसाठीं तिजोरी निवडणें होय. ही तिजोरी कशी निवडावी, कशी मांडावी आणि तिच्यावर किती विसंबावें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

दुकानांत शिरल्याबरोबर ग्राहकावर आंकड्यांचा भडिमार होतो. त्यांपैकीं दोन आंकडे नीट समजून घेतले, तरी पुष्कळ झालें. पहिला रॅमचा, म्हणजे चालू कामापुरत्या स्मृतीचा. दुसरा कायमच्या सांठवणीचा. स्वयंपाकाचा ओटा आणि कोठीची खोली यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे. ओटा जितका ऐसपैस, तितकीं अधिक कामें एका वेळीं उरकतात. पण रात्रीं तो आवरला जातो. तद्वत् यंत्र बंद होतांच रॅममधील सारें पुसलें जातें. टिकतें तें कोठींतलें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या यंत्राच्या स्मृतींत प्रत्येकीं ४० बिटांच्या २०४८ संख्या मावत असत. पत्रव्यवहार, हिशेब व शालेय अभ्यास यांस पुरणारी ८ जीबी रॅम ही त्या स्मृतीच्या सुमारें ८ लक्ष पट भरते! तेव्हां सामान्य घरास सामर्थ्याची वानवा नाहीं. उणीव असते ती दूरदृष्टीची. पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य फलकासच जोडलेली असते व मागाहून ती वाढवितां येत नाहीं. यंत्र सात-आठ वर्षें वापरावयाचें असेल, तर १६ जीबी घेणें शहाणपणाचें. सांठवणीसाठीं फिरत्या तबकडीऐवजीं एसएसडी घ्यावी. तिच्यांत हलणारा भाग नसल्यामुळें ती वेगवान असते व लहानसहान धक्क्यांना दाद देत नाहीं. जुनें यंत्र स्वस्तांत मिळत असेल, तर त्यावर विंडोज ११ चालेल कीं नाहीं, हें आधीं पाहावें. कारण विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि संरक्षणाच्या दुरुस्त्या न मिळणारें यंत्र म्हणजे कडीवांचूनचें दार होय. अशा यंत्रावर लिनक्स घालून त्यास पुनर्जन्म देतां येतो, हा मार्गहि ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

यंत्र घरीं आलें, म्हणजे खोकें उघडण्यापूर्वीं भिंतीकडे पाहावें. भारतांत घरगुती वीज २३० व्होल्टची असते, आणि तीन छिद्रांच्या सॉकेटांतील सर्वांत मोठें छिद्र अर्थिंगचें असतें. कांहीं जुन्या इमारतींत हें छिद्र नांवाला असतें. त्यामागें तारच नसते. संगणकाच्या धातूच्या पेटीस हात लागतांच झिणझिण्या येत असतील, तर तें दुर्लक्ष करण्याजोगें लक्षण नव्हे. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावें. मेजावरील संगणकास यूपीएस जोडावा. वीज गेली असतां तो कांहीं मिनिटांचा अवधि देतो, व तेवढ्यांत काम जतन करून यंत्र रीतसर बंद करतां येतें. लेसर प्रिंटर मात्र त्यावर लावूं नये. कागदावरील भुकटी तापवून चिकटवितांना तो एकाएकीं फार वीज ओढतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या उंचीला यावी व खिडकी बाजूस असावी. वायफायचा राउटर लोखंडी कपाटाआड दडवूं नये. त्याच्या ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान, पण भिंतींपुढें दुबळ्या, २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी मंद, पण दूरवर पोंचणाऱ्या.

मांडामांड झाली, कीं पहिल्याच दिवशीं कांहीं कामें उरकावीं. यंत्राच्या साऱ्या दुरुस्त्या उतरवून घ्याव्या, राउटरचा कारखान्यांतून आलेला संकेतशब्द बदलावा व घरांतील प्रत्येकास स्वतंत्र खातें द्यावें. मराठी लिहिण्यासाठीं युनिकोडचाच आश्रय करावा. जुन्या, केवळ एका विशिष्ट टंकावर अवलंबून असलेल्या पद्धतीनें लिहिलेलें पत्र दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसतें. १९९१ च्या भारतीय मानकांत अंतर्भूत झालेली इन्स्क्रिप्ट कळफलकाची रचना शिकण्यास सोपी आहे. तींत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजनें बहुतांशीं उजव्या हाताकडे येतात. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. विंडोज ११ च्या अनेक नव्या यंत्रांत सांठवण आपोआप कुलूपबंद केली जाते. हें चोरापासून रक्षण करतें खरें. पण यंत्रांत बिघाड झाल्यावर तें कुलूप उघडण्यास ४८ अंकांची किल्ली लागते. ती किल्ली कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांत ठेवावी. नाहीं तर चोर बाहेर राहावयाचा, आणि धनीहि बाहेरच!

आतां मुख्य मुद्दा. कोणतीहि तिजोरी अक्षय नसते. एसएसडी पुष्कळदां कुरकुर न करतां एकाएकीं बंद पडते. म्हणून जें गमावणें परवडणार नाहीं, त्याच्या तीन प्रती असाव्या; त्या निदान दोन निराळ्या साधनांवर असाव्या; व एक प्रत घराबाहेर असावी, म्हणजे आग, पूर किंवा चोरी यांनीं सारें एकदम जाणार नाहीं. बाहेरची डिस्क नेहमीं यंत्रास जोडून ठेवूं नये. खंडणीखोर विषाणु आला, तर तो तीहि कुलूपबंद करतो. क्लाउडवर आपोआप जुळणी होते, एवढ्यावरहि निर्धास्त राहूं नये. येथें चुकून पुसलेलें तेथेंहि पुसलें जातें, आणि परत मिळविण्याची मुदत संपली, कीं तें कायमचें जातें. सर्वांत शेवटीं, सहा महिन्यांतून एकदां एखादें छायाचित्र त्या प्रतींतून खरोखर उघडून पाहावें. न उघडून पाहिलेली प्रत ही न वटविलेल्या हुंडीसारखी आहे. ती खरी कीं खोटी, हें गरजेच्या दिवशींच कळावयाचें.

यंत्र आज ना उद्यां मोडणारच. तें मोडल्यावर ज्या घराचें नुकसान केवळ पैशाचें होईल, त्या घरानें आपला संगणक नीट मांडला, असें खुशाल म्हणावें.