पडदा कुणी उचलायचा?

(पेडगाव, जि. परभणी येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेत कुणाचं हे सातबाऱ्यावरून कळतं. इंटरनेटवरच्या संकेतस्थळाचंही तसंच. त्याच्या नावाची नोंद करणारी कंपनी असते आणि मालकाचा नाव-पत्ता तिच्या दप्तरी असतो. पूर्वी तो बहुधा कुणालाही पाहता येई. मे २०१८ मध्ये युरोपात खाजगी माहितीच्या रक्षणाचा कायदा लागू झाला आणि जगभर बहुतेक नोंदींवर पडदा पडला. काही कंपन्या तर हा पडदाच विकतात. २०१७ साली सुरू झालेली 'न्याला' ही कंपनी संकेतस्थळाचं नाव स्वतःच्या नावावर घेते, गिऱ्हाईक ते फक्त वापरतं. शेत एकाच्या नावावर, राबणारी दुसरी, हे आपल्याला नवं नाही. फरक इतकाच, की इथे नाव झाकणं ती स्वतः निवडते.

हा पडदा आपल्याला हवा आहे. मारहाणीतून सुटलेल्या बाईने आपली हकीकत मांडली, तर नवऱ्याला तिचा पत्ता मिळता कामा नये. पण मुलींचे बनावट फोटो टाकणाराही त्याच पडद्याआड लपतो.

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, नामांकित कंपन्यांच्या नावाने फसवणाऱ्या संकेतस्थळांच्या खटल्यांत, नाव-पत्ता आपोआप झाकू नये आणि न्याय्य हितसंबंध असणाऱ्याने मागितल्यास ७२ तासांत द्यावा, असे निर्देश दिले. फसवणूक थांबलीच पाहिजे. पण कुणाचा हितसंबंध न्याय्य, हे ठरवणार कोण? 'माझी बदनामी झाली' म्हणत नवराही वकिलाची नोटीस धाडू शकतो.

म्हणून माझं म्हणणं असं: नुसत्या नोटिशीवर नाव देऊ नये. न्यायालयाचा आदेश किंवा तपासी पोलिसांचं लेखी पत्र हवं, त्यात गुन्हा लिहिलेला हवा. तपासाला बाध येत नसेल, तर जिचं नाव मागितलं तिला आधी कळवावं, म्हणजे तिला हरकत घेता येईल.

आणि एक लक्षात ठेवा. नाव मिळालं म्हणून फोटो निघत नाही. तो जिथे साठवला आहे, त्या कंपनीकडे वेगळी तक्रार करावी लागते. अशा फोटोंसाठी २०२१ च्या नियमांनी २४ तासांची मुदत घातली, पुढे ती आणखी कमी झाली. त्यासाठी न्यायालयात जावं लागत नाही. मुलीने किंवा तिच्या वतीने कुणीही तक्रार केली तरी चालते. पानाचा पूर्ण पत्ता, तारीख, वेळ टिपून ठेवा. हद्दीचं कारण सांगून पोलिसांना गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही.

कंपन्यांकडे वकील आहेत. मुलगी ठाण्यात एकटी जाते. तिच्यासोबत जाणं, हे आपलं काम.