दुरावलेले घर



मानसोपचारात आज चित्रकलेस मान आहे. त्यामागील एक कहाणी ऐकावी. व्हिएन्नाच्या चित्रकर्ती फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांना १९४२ च्या डिसेंबरात तेरेझीनच्या नाझी छावणीत नेण्यात आले. मोजक्या सामानात त्यांनी रंग व कागद नेले. तेथील मुले त्यांच्यापाशी बसून रद्दी कागदावर दुरावलेले घर काढीत, फुले काढीत. छावणीने ज्यांना क्रमांक दिले, त्यांनी चित्रावर स्वतःचे नाव लिहावे, हा बाईंचा आग्रह. उपचार म्हणावा तो हाच! ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑश्विट्झ येथे त्यांची हत्या झाली. लपविलेल्या दोन पेट्यांत सुमारे ४,५०० चित्रे उरली. बहुतेक मुले मात्र वाचली नाहीत. त्यांच्या शिष्या ईडिथ क्रेमर यांनी पुढे अमेरिकेत कलोपचाराच्या पायाभरणीत मोठा वाटा उचलला.