स्मृतिभ्रंश : घरच्यांनी काय वाचावे?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



म्हातारपणी माणूस विसरायचाच, असे आपण सहज म्हणतो. पण चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे वेगळे. या दुसऱ्या अवस्थेला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर हा मेंदूचा आजार. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात साठीच्या पुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण अधिक आहे. आपल्या वस्तीत मात्र त्याला नाव एकच : म्हातारीला चळ लागला. नाही तर, बाहेरची बाधा झाली.

बाधा म्हटली की देवऋषी आला. धूर, मार, उपास, सगळे त्या थकल्या जिवावर. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे इथल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी सांगितले पाहिजे. आधी जिल्हा रुग्णालय गाठावे. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मनाची उदासी यांमुळेही विस्मरण होते आणि ते उपचाराने सुधारू शकते.

आता मुख्य विषय, वाचनाचा. अशा घरात वाचायला वेळ कुणाला, असे कुणी म्हणेल. खरे आहे. सेवा बहुधा सुनेच्या नाही तर लेकीच्या वाट्याला येते, आणि पाथर्डी-शेवगावकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या गेल्या की घरात म्हातारी आणि शाळेतले पोर एवढेच उरतात. म्हणूनच एकाने वाचावे आणि चौघांना सांगावे.

पहिले वाचन आपल्या घरातच आहे. डॉ. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या आठव्या खंडात तथागतांना रुग्णांविषयी वाटणाऱ्या आस्थेचा भाग आहे. हगवणीने आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला असतो. तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. तथागत पाणी ओततात, आनंद अंग धुतो, आणि दोघे मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवतात. हीच कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. तिथे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिले आहेत. औषध देता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र-वांती काढताना किळस वाटू नये, आणि वेळोवेळी धम्माचे बोलून रुग्णाचे मन प्रसन्न ठेवावे. आम्हाला चौथा गुण सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आजाराच्या शेवटच्या टप्प्यात घर तिथेच मोडते. पाचवाही हलका समजू नये. मुलाचे नाव विसरलेली आई त्रिशरण-पंचशील सुरू केल्यावर सोबत म्हणू लागते, असे घडते, कारण लहानपणापासून घोकलेले सहसा उशिरा पुसले जाते.

दुसरे पुस्तक इंग्रजी आहे. नॅन्सी मेस आणि पीटर रॅबिन्स यांचे 'द थर्टी-सिक्स अवर डे', म्हणजे छत्तीस तासांचा दिवस. सांभाळणाऱ्याचा दिवस किती लांबतो ते नावातच आले. १९८१ पासून त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. ते अमेरिकन घरांसाठी लिहिलेले आहे, त्यामुळे तिथल्या शुश्रूषागृहांचा भाग आपण सोडून द्यावा. पण अंघोळीला नकार, रात्रीची भटकंती, 'माझे पैसे चोरले' हा संशय, हे सगळे आपल्याच घरातले वाटते. रुग्ण चिडतो तो हट्टाने नव्हे, त्याला झेपत नाही म्हणून. तेव्हा वाद न घालता विषय बदलावा, हे त्यातले मर्म.

वाचता न येणाऱ्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट बघावा. मोहन आगाशे यांनी रंगवलेला संस्कृतचा पंडित हत्तीच्या मागे चालत हरवतो, आणि माहुताची गरीब, कानडी बोलणारी बायको त्याला लेकरासारखे सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना २०१३ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विद्वत्ता गेल्यावर माणसाचे काय उरते, हा प्रश्न तिला पडतच नाही. ती त्याला आधी जेवू घालते.

शेवटचे वाचन रुक्ष आहे, पण बँकेत कारकुनी करणाऱ्या आम्हाला ते टाळता येत नाही. घरातले पासबुक वाचा. खाते एकट्याच्या नावावर आहे का, वारसनोंद आहे का, हे माणूस शुद्धीत असतानाच पाहावे. पुढे मुखत्यारपत्र दाखवून भागत नाही, कारण देणाऱ्याची मती गेली की ते कायद्याने टिकत नाही आणि पालक नेमण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. सरकारी निवृत्तिवेतन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावाच लागतो. केंद्राच्या ८० वर्षांवरील निवृत्तांना तो ऑक्टोबरपासून देता येतो. सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सांगितले आहे. ती मागायला लाजू नये. अडचणीत ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा क्रमांक फुकट लागतो.

छत्तीस तासांच्या पुस्तकातील अंघोळ, रात्र आणि संशय एवढे तीन भाग मराठीत सांगायला महाविद्यालयातील दोन-तीन मुले-मुली हवी आहेत. वंदना झाल्यावर त्यांनी आमच्याकडे नावे द्यावीत.