रोजकीर्द आणि वस्तरा



ज्या धाराशिव जिल्ह्यातील तेर गावी गोरोबाकाकांनी चिखल तुडवीत विठ्ठलाचे नाम घेतले, तेथे हातच्या विद्येची थोरवी सांगावयास सभाध्यक्षाची गरज पडू नये. तथापि केशकर्तन व सौंदर्यप्रसाधन यांविषयी आपली वृत्ती अद्याप इतकी दुटप्पी आहे की, आरसे आणि दिव्यांनी झगमगणाऱ्या सलूनात जो धंदा सुशिक्षितांस प्रतिष्ठेचा वाटतो, तोच, धोकटी काखेस मारून दारोदार जाणाऱ्याच्या हाती होता तोवर, बलुत्याच्या पसाभर धान्यावर तोलला जात होता. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या केशवपनास नकार दिला, ही घटना आपण समाजसुधारणेच्या इतिहासात नोंदवितो. मला ती उद्योजकतेच्या अभ्यासक्रमातही हवी आहे, कारण आपल्या हातून कोणते काम व्हावे आणि कोणते होऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार ज्याने स्वतःकडे घेतला, तोच धंद्याचा खरा धनी.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कॉस्मेटॉलॉजी शिकविली जाते, १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहेच, आणि नव्या शैक्षणिक धोरणान्वये पदव्युत्तर वर्गांस प्रत्यक्ष कार्यानुभवाचे श्रेयांकही लागू झाले आहेत. परंतु कागदोपत्री सिद्धता झाली म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. पुष्कळदा विद्यार्थी दुकानात जातो, छायाचित्र काढतो, मालकाचा शिक्का घेतो आणि एक सुबक अहवाल दप्तरी दाखल होतो. माझी मागणी निराळी आहे. विद्यार्थ्याने एक संपूर्ण हंगाम एकाच दुकानाची रोजकीर्द लिहावी.

मग त्याला कळेल की, नवरात्रात तुळजापुरी भक्तांची रीघ लागते खरी, पण घट बसल्यावर व्रतस्थ पुरुष दाढीस वस्तरा लावू देत नाही, यास्तव गर्दी आणि गिऱ्हाईक या दोन भिन्न वस्तू होत; की श्रावणात आणि एकादशीस रिकामी राहणारी खुर्ची दुकानाचे भाडे मात्र बाराही महिने मागते; आणि कळंब-वाशीकडे सोयाबीनचा पैसा हाती आल्यावाचून उधारी वसूल होत नाही. उमरग्यास घराच्या पुढल्या खोलीत पार्लर चालविणारी एखादी ताई लग्नसराईत नवरीच्या मेकअपवर चांगली मिळकत झाली असे मानते, तेव्हा त्या खोलीचे भाडे आणि तिची स्वतःची मजुरी खर्चाच्या बाजूस मांडावयास शिकविणे, हे फेशियलच्या नव्या तऱ्हेहून अधिक मोलाचे आहे. अर्थात ते शिकविताना आपण तिच्याहून शहाणे आहोत असा आव आणू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर-धाराशिवकडील बायकांना घरबांधणीच्या कामात सहभागी करून पुढे उद्योगाकडे नेले, ते त्यांच्या शहाणपणावर भरवसा ठेवूनच.

केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे नेमक्या मराठवाडा मुक्तिदिनी, सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत न्हावीकाम आहे, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख, नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. कर्ज मिळविण्यास मदत करणे हे विद्यार्थ्यांचे काम असावे. पण हप्ता कोणत्या महिन्यात जड जाईल, हे रोजकीर्दीवरून आधी सांगता आले पाहिजे. नाहीतर खुर्ची नवी आणि चिंता जुनी, अशी गत होते.

आता माझा खरा आग्रह. दुकानदार आपणांस वेळ देतो, चुकलेला केस आणि नाराज गिऱ्हाईक सोसतो, आपला जमाखर्च परक्यापुढे उघडा करतो, आणि अभ्यासक्रमात त्याचे नाव केवळ आभारप्रदर्शनात येते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची विद्या आपण फुकट वापरली, त्यांचे दुकान आता फुकटची प्रयोगशाळा होऊ नये. महाविद्यालयाने त्यांस अध्यापक म्हणून मानधन द्यावे, हिशेबाची गुप्तता लेखी कबूल करावी, निम्मे गुण देण्याचा अधिकार त्यांच्या हाती सोपवावा, आणि तोंडी परीक्षा दुकानातच घ्यावी. फक्त ती रविवारी ठेवू नये. त्या दिवशी परीक्षकांस बसावयास खुर्ची मिळणार नाही.