सहलीतला बारावा माणूस



व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे, असा प्रघात आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण जिनिंगच्या आवारात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. म्हणून मोठा विषय न घेता एका सहलीची हकीकत सांगतो. ती डोणगावातच सांगितली पाहिजे, कारण त्या दिवशीची आमची चूक आपल्याच गावाने आमच्या पदरात घातली.

गेल्या हिवाळ्यात युनियनचे आम्ही अकराजण भाड्याची जीप करून पहाटे अकोल्याहून निघालो. बेत असा, की पातूर, मालेगाववरून मेहकर, तेथून लोणार, मग सिंदखेडराजा आणि रात्री घरी. वर्षभर मोर्चे आणि कोर्टाच्या तारखा. एक दिवस तरी एकमेकांच्या मुलाबाळांची खुशाली विचारावी, एवढीच इच्छा.

मेहकरला शारंगधर बालाजीचे दर्शन घेतले. १८८८ साली जमिनीतून निघालेली ती काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती पाहून आमच्यातील एक गवंडी म्हणाला, "एक नमस्कार देवाला, एक घडविणाऱ्याला." ते आम्हांला फार आवडले.

लोणारच्या काठावर उभे राहिले म्हणजे माणूस गप्प होतो. उल्केच्या आघाताने काळ्या खडकात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे ते विवर आणि तळाशी खारे पाणी! २०२० च्या जून महिन्यात हेच पाणी सूक्ष्म जीवांमुळे गुलाबी झाले होते. 'ऐन-ए-अकबरी'त या भागातील काच आणि साबण करण्याच्या द्रव्यांचा उल्लेख आहे. आम्ही लगेच छोटेसे भाषण ठोकले, की बादशहाचे नाव राहिले. पण क्षार खणून डोक्यावरून वर आणणारांची नावे कोठे आहेत? टाळ्या पडल्या. मग झाडाखाली शिदोऱ्या सोडल्या. ड्रायव्हर वर गाडीपाशीच होता. त्याला कागदावर दोन पोळ्या पाठवून दिल्या.

सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचे जन्मस्थान, पाहीपर्यंत ऊन उतरले. परतताना अंधार पडला. रात्री साडेआठला आपल्या डोणगावी चहाला थांबलो. टपरीवाल्या काकांनी आमच्याकडे न पाहता ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे पाहिले.

"कवापासून गाडी चालवून राह्यला, बापू?"

"काल रातभर लग्नाचं वऱ्हाड होतं, काका. तसाच इकडे आलो."

"ह्यायले सांगतलं नाही?"

"कोनं इचारलंच नाही."

मंडळी, आम्ही मान खाली घातली. मोटार कामगारांचा १९६१ चा कायदा आम्हांला तोंडपाठ. दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती, हे त्यात घातलेले होते. याच बळावर आम्ही मालकांच्या दारात बसलो होतो. आणि आमचा एक सोबती म्हणाला, "पण पैसे ठरवून दिले आहेत ना!" हेच वाक्य आम्ही मालकांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे. त्या दिवशी मालक आम्ही होतो.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ माणसे गेली. त्या घरांची आठवण कोणी बोलून दाखविली नाही. पण ती सर्वांच्या मनात होती.

पुढे जाणे रद्द केले. काकांनी टपरीमागे बाज टाकली, घोंगडी दिली. दोघांची सकाळची पाळी होती, त्यांचा खाडा झाला; तो पुढे आम्ही वर्गणीने भरून दिला. आणि सहलीचा खरा दिवस तेथे रात्री सुरू झाला. गावातली चार माणसे जमली. कोणी सोयाबीनच्या भावाचे सांगितले, कोणी पुण्याला गेलेल्या मुलाचे. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हापासून या जुन्या रस्त्याने लांबच्या गाड्या कमी येतात आणि चहा कमी खपतो, हे काकांनी हसत सांगितले. ज्याचे गिऱ्हाईक कमी झाले, त्यानेच हाती आलेले गिऱ्हाईक पुढे न दामटता त्याला झोपविले!

भाकऱ्या आणि झुणका आला तेव्हा आम्ही ड्रायव्हरला हाक मारली. सकाळपासून आम्ही स्वतःला अकरा मोजत होतो. ताटे बारा मांडली. जेवता जेवता कळले, की त्याला तीन वर्षांची मुलगी आहे. दिवसभर खुशाली विचारीत फिरलेल्या आम्हांला हे रात्री दहाला कळले.

आता लग्नसराई आहे, सुट्ट्या येत आहेत. आपण गाड्या ठरवाल, देवदर्शनाला निघाल. भाड्याची घासाघीस करण्याआधी दोन गोष्टी विचारा: बाबा, रात्री झोपलास का? जेवलास का? मुक्काम पडला तर त्याच्या अंथरुणाचा खर्च हिशेबात आधी धरा. कायदा रस्त्यावर प्रत्येक गाडीत बसू शकत नाही. आपण बसलेले असतो.

डोणगावकरांचे त्या रात्रीचे ऋण आहे. ते मान्य करून आपली रजा घेतो.